अ‍ॅसिटोन की एमईके: लेबल एकच, स्वभाव वेगळा

अ‍ॅसिटोनची आणि एमईकेची, म्हणजे मिथाइल इथाइल कीटोनची, बाटली शेजारी ठेवा आणि दोन्ही लेबले वाचा. दोन्हींवर ज्वाळेचे चिन्ह आहे, दोन्हींवर उद्गारचिन्ह आहे आणि खालची वाक्येही तीच आहेत: अतिज्वलनशील द्रव आणि वाफ, डोळ्यांना तीव्र दाह, गुंगी किंवा चक्कर येऊ शकते, वारंवार संपर्काने त्वचा कोरडी पडून भेगा पडू शकतात. रसायनांच्या धोक्यांचे जागतिक वर्गीकरण या दोघांना एकाच रांगेत बसवते. त्यामुळे जे हाताला लागेल ते घेतले जाते, किंवा कुणीतरी सांगितलेले असते की अ‍ॅसिटोन सौम्य आणि एमईके जहाल, आणि त्यावर निर्णय होतो. मला या दोन्ही पद्धती पटत नाहीत. कोणते द्रावक घ्यायचे हे काम, जागा आणि सोबत वापरली जाणारी इतर रसायने पाहून ठरवायला हवे. लेबल त्यातले फारच थोडे सांगते.

हा आढावा रेझिनची हत्यारे धुणाऱ्यांसाठी, चिकटवण्याआधी पृष्ठभाग पुसणाऱ्यांसाठी, लॅकर पातळ करणाऱ्यांसाठी आणि प्रयोगशाळेत काचसामान वाळवणाऱ्यांसाठी आहे. रोज लिटरच्या मापात द्रावक हाताळणाऱ्यांच्या उपयोगाचे यात अधिक असेल.

रचनेपासून सुरुवात करू. कीटोन म्हणजे मधल्या कार्बनला ऑक्सिजन दुहेरी बंधाने जोडलेला आणि दोन्ही बाजूंना कार्बनच्या साखळ्या. दोन्ही बाजूंना एकेकच कार्बन असला की अ‍ॅसिटोन, सगळ्यांत लहान कीटोन. एका बाजूची साखळी एका कार्बनने वाढवली की एमईके. ऑक्सिजनकडचे टोक पाण्याशी आणि ध्रुवीय पदार्थांशी जमवून घेते, कार्बनचे टोक तेलकट पदार्थांशी. एक कार्बन वाढल्याने तराजू तेलाच्या बाजूला थोडा झुकतो आणि रेणू जड झाल्याने तो हवेत उडायला थोडा आळशी होतो. पुढचे बरेचसे फरक या दोन गोष्टींतून निघतात.

| | अ‍ॅसिटोन | एमईके |
|---|---|---|
| रेणुभार | ५८.०८ | ७२.११ |
| उत्कलनबिंदू | सुमारे ५६ °से. | सुमारे ८० °से. |
| बाष्पदाब, २० °से. | सुमारे २४ किलोपास्कल | सुमारे १०.५ किलोपास्कल |
| फ्लॅश पॉइंट | सुमारे −२० °से. | सुमारे −९ °से. |
| हवेत पेटण्याची मर्यादा | २.५ ते १२.८ टक्के | १.४–१.८ ते ११.४ टक्के |
| पाण्यात मिसळणे | हव्या त्या प्रमाणात | १०० मिलीत सुमारे २७ ग्रॅम |
| वाफ हवेपेक्षा | दुप्पट जड | अडीच पट जड |
| ओशाची ८ तासांची मर्यादा | १००० पीपीएम | २०० पीपीएम |
| नायोशची शिफारस | २५० पीपीएम | २०० पीपीएम |

एमईकेच्या खालच्या ज्वलनमर्यादेचे दोन आकडे दिले आहेत, कारण वेगवेगळ्या सुरक्षापत्रकांत दोन्ही सापडतात. चाचणीच्या तापमानाप्रमाणे तो बदलतो. शंका असेल तिथे लहान आकडा धरावा. फ्लॅश पॉइंट म्हणजे ज्या तापमानापासून द्रवावरची वाफ ठिणगीने पेटू शकते ते सर्वांत कमी तापमान, आणि पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत वाफेचे किती भाग. ओशा आणि नायोश या दोन्ही कामगारांच्या सुरक्षेसाठीच्या अमेरिकी संस्था. पहिलीची मर्यादा कायद्याने बंधनकारक, दुसरीची संशोधनावर आधारलेली शिफारस. या दोन ओळींतील तफावत लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचे आहे.

उडण्याचा वेग आणि त्याचे परिणाम

खोलीच्या तापमानाला अ‍ॅसिटोनचा बाष्पदाब एमईकेच्या सव्वादोन पट आहे. काम करताना हा फरक हाताला लगेच जाणवतो. काचेचा फ्लास्क पाण्याने धुऊन झटकन कोरडा करायचा असेल तर अ‍ॅसिटोनला तोड नाही: ते उरलेले पाणी आपल्यात सामावून घेते आणि मिनिटाभरात उडून जाते. पण याच गुणामुळे मोठा धातूचा पत्रा पुसताना ते दगा देते. चिंधी पुढे सरकते तोवर मागचे अ‍ॅसिटोन उडालेले असते आणि विरघळलेला मळ पातळ थर होऊन तिथेच बसतो. पृष्ठभाग चकचकीत दिसतो, आणि चिकटवलेला जोड काही दिवसांनी सुटतो. अ‍ॅसिटोन वापरायचेच असेल तर एका हातात ओली चिंधी आणि दुसऱ्या हातात कोरडी अशी जोडी ठेवा, एका वेळी तळहाताएवढाच भाग पुसा आणि ओल उडायच्या आत कोरड्या चिंधीने टिपून घ्या. एमईके मात्र थोडी उसंत देते. चिकटवण्याआधीच्या पुसण्याला अनेक जण त्याला पसंती देतात ते याच कारणाने, आणि माझेही मत तसेच आहे.

लॅकर किंवा पेंट पातळ करताना हा वेग वेगळ्या वाटेने नडतो. द्रव उडताना उष्णता ओढून घेतो, पृष्ठभाग थंड पडतो आणि हवेतली आर्द्रता त्यावर दवासारखी जमते. ओल्या थरात पाणी शिरले की तो पांढुरका होतो. याला ब्लशिंग म्हणतात. दमट दिवशी एकट्या अ‍ॅसिटोनने पातळ केलेल्या नायट्रोसेल्युलोज लॅकरवर हा पांढरेपणा हमखास येतो. एमईकेने तो कमी येतो, पण पूर्ण टळत नाही. खूप दमट हवा असेल तर आणखी हळू उडणारा कीटोन लागतो, जसे एमआयबीके, म्हणजे मिथाइल आयसोब्युटाइल कीटोन. ते ११६ अंशांच्या आसपास उकळते. पण ते घेताना एक गोष्ट माहीत असू द्या: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने एमआयबीकेला ‘मानवात कर्करोगजनक असण्याची शक्यता’ या २बी गटात ठेवले आहे.

काय विरघळते, काय बिघडते

न घट्ट झालेले इपॉक्सी आणि पॉलिएस्टर रेझिन, नायट्रोसेल्युलोज, सेल्युलोज अ‍ॅसिटेट, पॉलिस्टायरिन, एबीएस, अ‍ॅक्रिलिक या सगळ्यांवर दोन्ही द्रावके चालतात. पूर्ण घट्ट झालेल्या इपॉक्सीला दोन्हींपैकी कुणीही विरघळवत नाही. फार तर ते फुगते आणि मऊ होते. हत्यारे धुवायला उशीर झाला की द्रावक बदलून काही हाती लागत नाही.

व्हिनाइलच्या बाबतीत फरक ठळक दिसतो. अ‍ॅसिटोन पीव्हीसीला, म्हणजे नेहमीच्या व्हिनाइल प्लॅस्टिकला, फुगवते, सुरकुत्या पाडते, पण नीट विरघळवत नाही. व्हिनाइलचे लेप, व्हिनाइल शाई आणि पॉलियुरेथेनचे लेप यांत एमईके कितीतरी सरस. पाकिटांवर आणि बाटल्यांवर तारखा छापणाऱ्या इंकजेट यंत्रांच्या शाईत एमईके वर्षानुवर्षे वापरात आहे, कारण ते प्लॅस्टिकच्या पृष्ठभागाला किंचित चावते, शाई धरून ठेवायला मदत करते आणि तरी क्षणात सुकते. रंगकामात लेप पूर्ण पिकला की नाही हे पाहायला एमईकेत भिजवलेल्या कापडाने ठरावीक वेळा घासून पाहतात. त्या चाचणीसाठी अ‍ॅसिटोन वापरून निकालाची तुलना करू नका. द्रावक बदलले की निकालही बदलतो.

जड ग्रीस किंवा मेण काढायचे असेल तर दोन्ही जेमतेम. एमईके थोडे बरे, पण ते काम हायड्रोकार्बन द्रावकांचे आहे.

बिघाडाच्या बाजूला दोघेही सारखेच निर्दय आहेत. अ‍ॅक्रिलिक आणि पॉलीकार्बोनेटच्या पारदर्शक पत्र्यावर एक थेंबही डाग पाडतो, आणि त्या भागात आधीच ताण असेल तर काही मिनिटांत केसासारख्या चिरा उठतात. चष्म्याच्या काचा आणि यंत्रांची पारदर्शक झाकणे बहुधा याच प्लॅस्टिकच्या असतात. पॉलिथिलीन, पॉलिप्रोपिलीन आणि टेफ्लॉन मात्र सुखरूप राहतात. एमईके दीर्घकाळ साठवायला पॉलिथिलीनपेक्षा धातूचा डबा चांगला.

एक महागडी चूक इथे सांगायलाच हवी. पंपाच्या किंवा झडपेच्या सीलसाठी ‘सगळ्यात टिकाऊ’ म्हणून फ्लोरोरबर, ज्याला बहुतेक जण व्हायटॉन म्हणतात, ते बसवले जाते. तेल, पेट्रोल, अनेक आम्ले यांपुढे ते खरेच टिकते. कीटोनपुढे ते फुगून बेढब होते. साधे नायट्राइल रबरही टिकत नाही. कीटोनसाठी ईपीडीएम किंवा ब्युटाइल रबर, नाहीतर टेफ्लॉन. म्हणजे तेलाला न चालणारे ईपीडीएम इथे चालते आणि तेलाला चालणारे महाग रबर इथे फसते. आधी दुसरे द्रावक असलेल्या यंत्रात कीटोन भरण्यापूर्वी सील बदललेत का, हा पहिला प्रश्न.

पाण्याशी नाते

अ‍ॅसिटोन पाण्यात हव्या त्या प्रमाणात मिसळते, एमईके साधारण चौथ्या हिश्शापर्यंत आणि मग वर वेगळा थर धरते. सांडल्यावर हा फरक दिसतो. पाणी ओतून अ‍ॅसिटोनचा धोका संपला असे वाटते, पण पाणी मिसळलेले अ‍ॅसिटोनही बराच काळ पेट घेऊ शकते. पातळ केल्याने फ्लॅश पॉइंट हळूहळू वर चढतो, एकदम नाहीसा होत नाही. एमईकेचा तर पाण्यावर तरंगणारा थरच पेटतो आणि पाण्यासोबत वाहत जातो. म्हणून दोन्हींसाठी वाळू किंवा शोषक द्रव्य, आणि गटाराचे तोंड आधी बंद करणे.

वापरलेले द्रावक पुन्हा गाळून घेण्याचा विचार असेल तर अ‍ॅसिटोनचे पारडे जड आहे. साध्या वातावरणीय दाबाला ते पाण्याशी स्थिरक्वाथी मिश्रण बनवत नाही, म्हणजे ऊर्ध्वपातनाने पाण्यापासून चांगले वेगळे होते. एमईके मात्र सुमारे ११ टक्के पाण्यासह ७३ अंशांच्या आसपास एकत्रच उकळते आणि ते पाणी सहज सोडत नाही. वाफ शोषायला सक्रिय कोळशाचे गाळप बसवणार असाल तर आणखी जपा: कोळशाच्या पृष्ठभागावर कीटोनचे ऑक्सिडीकरण होऊन उष्णता साठते आणि कोळशाच्या थराला आग लागल्याच्या घटना कीटोनच्या बाबतीत ओळखीच्या आहेत. एमईके आणि एमआयबीके या दोघांची नावे त्यात ठळकपणे येतात.

आगीचे गणित

‘एमईकेचा फ्लॅश पॉइंट जास्त, म्हणून ते सुरक्षित’ हे विधान मी अनेकदा ऐकले आहे. उणे वीस आणि उणे नऊ यांतला फरक बर्फाळ गोदामात कामाचा असेल. वीस-तीस अंशांच्या खोलीत दोघेही फ्लॅश पॉइंटच्या फार वर आहेत. तिथे हा आकडा निवडीसाठी उपयोगाचा नाही.

उपयोगाचे गणित असे. १०० मिली अ‍ॅसिटोन पूर्ण उडाले तर खोलीच्या तापमानाला सुमारे ३३ लिटर वाफ होते. ती हवेत २.५ टक्क्यांवर मिसळली की पेटू शकते, म्हणजे साधारण १.३ घनमीटर हवा पेटण्याजोगी होते. १०० मिली एमईकेची वाफ कमी होते, सुमारे २७ लिटर, पण तिची खालची मर्यादाही कमी आहे, म्हणून ती दीड ते दोन घनमीटर हवा पेटण्याजोगी करते. एका पेल्याएवढ्या सांडलेल्या द्रवाने टेबलाखालची सगळी जागा व्यापली जाते. दोन्ही वाफा हवेपेक्षा जड आहेत. त्या जमिनीलगत सरकतात, पायऱ्या उतरतात, खड्ड्यात साठतात आणि दूरच्या हीटरपर्यंत किंवा स्विचच्या ठिणगीपर्यंत पोचून तिथून ज्वाळा मागे घेऊन येतात. यात पहिल्या काही मिनिटांत अ‍ॅसिटोन अधिक धोक्याचे, कारण ते सव्वादोन पट वेगाने वाफ सोडते. पुढच्या अर्ध्या-पाऊण तासात एमईके, कारण ते अजून उडतेच आहे आणि माणसे निर्धास्त झालेली असतात.

बंद डब्यातले चित्र मला सर्वांत महत्त्वाचे वाटते आणि त्याबद्दल कुणीच बोलत नाही. २० अंशांना बंद डब्यात द्रवावरच्या हवेत अ‍ॅसिटोनची वाफ सुमारे २४ टक्के असते. वरची ज्वलनमर्यादा १२.८ टक्के. म्हणजे डब्याच्या आतली हवा पेटण्यासाठी अतिघट्ट असते. ज्वाळा तोंडाशी लागते, आत शिरायला तिला हवा पुरत नाही. एमईकेची वाफ त्याच तापमानाला सुमारे १० टक्के, आणि तिची वरची मर्यादा ११.४ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे अर्धा भरलेल्या एमईकेच्या डब्यात आतली हवाच पेटण्याजोग्या पट्ट्यात असते. डब्याच्या तोंडाशी ठिणगी पडली तर आत स्फोट होऊ शकतो. अ‍ॅसिटोनलाही ही सवलत कायमची नाही: थंडीत, साधारण ७ अंशांच्या खाली, त्याची वाफही पट्ट्यात येते, आणि तळाशी शेवटचे थेंब उरलेल्या किंवा नुकत्याच रिकाम्या केलेल्या डब्यात ती कोणत्याही तापमानाला येऊ शकते. रिकामा ड्रम कापायला किंवा वेल्डिंगला देणे याच कारणाने जीवघेणे ठरते, मग त्यात कोणतेही द्रावक असो.

ओतताना दोन्हींसाठी नियम एक: धातूचे डबे एकमेकांना तारेने जोडलेले आणि अर्थिंग केलेले, आणि द्रवाची धार उंचावरून न सोडता आत नळी उतरवून. आग विझवायला साधा फेस दोन्हींवर बसत नाही, कारण कीटोन फेसातले पाणी ओढून घेऊन तो मोडतो. अल्कोहोलरोधक फेस, कोरडी पावडर किंवा कार्बन डायऑक्साइड ठेवा.

श्वासाचा हिशोब

आता तक्त्यातल्या त्या दोन ओळी. ओशाच्या मर्यादेने पाहिले तर अ‍ॅसिटोन पाच पट सैल दिसते. पण ओशाचा आकडा १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तसाच आहे. नायोशची शिफारस २५० पीपीएम आहे, आणि त्या कसोटीवर अ‍ॅसिटोन आणि एमईके जवळजवळ बरोबरीत येतात.

खोलीत हिशोब करून पाहू. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद, तीन मीटर उंच बंद खोली, म्हणजे ३६ घनमीटर. तिच्यात १०० मिली अ‍ॅसिटोन उडाले तर हवेत सुमारे ९०० पीपीएम होतात. ओशाच्या मर्यादेच्या काठावर, नायोशच्या शिफारशीच्या साडेतीन पटींहून अधिक. १०० मिली एमईके उडाले तर सुमारे ७५० पीपीएम, म्हणजे २०० च्या जवळजवळ चौपट. फरक फार नाही. आणि उघड्या तबकात द्रावक ठेवून काम करत असाल तर अ‍ॅसिटोन दुपटीहून वेगाने उडत असल्याने कडक मर्यादेच्या हिशोबात तेच आधी हवा बिघडवते. ‘अ‍ॅसिटोन म्हणजे नखांचा रंग काढायचे औषध, त्याला कसली मोकळी हवा?’ या वाक्याला माझा ठाम विरोध आहे. खिडकी उघडी हवी, जमिनीलगत ओढणारा एक्झॉस्ट हवा आणि त्याची मोटर ठिणगीरोधक हवी.

अ‍ॅसिटोनच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी येतो: ते आपल्या शरीरात बनतेच. खरे आहे. चरबी जळताना यकृतात कीटोन द्रव्ये तयार होतात, अ‍ॅसिटोन त्यांपैकी एक आणि ते श्वासातून बाहेर पडते. मधुमेहातील कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये श्वासाला येणारा गोडसर वास त्याचाच. शरीराला ते ओळखीचे असल्याने थोडी मात्रा निकालात काढता येते, एवढाच त्याचा अर्थ. जास्त वाफेने डोके दुखणे, डोळे चुरचुरणे, गुंगी हे होतेच. नाकावर विसंबू नका: दोन्ही वास सुरुवातीला तीव्र वाटतात आणि थोड्या वेळात नाक सरावते. खोलीबाहेर जाऊन परत आल्यावर वास जाणवला तर हवा खराब आहे असे समजा.

सोबत काय वापरता?

हा भाग मी सर्वांत आधी लिहिणार होतो, कारण निवड करताना तो सहसा कुणाच्या मनातही नसतो.

१९७३ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या कोलंबस इथे कापडावर प्लॅस्टिकचा लेप देणाऱ्या एका कारखान्यात कामगारांच्या हातापायांतली ताकद जाऊ लागली. पावले लुळी पडली, बोटे बधिर झाली. शोध घेतल्यावर कारण सापडले: द्रावकातील एमआयबीके काढून त्याऐवजी मिथाइल एन-ब्युटाइल कीटोन आणले होते, आणि ते एमईकेबरोबर वापरले जात होते. नावात एका तुकड्याचा फरक आणि दोन्हींत कार्बन सहाच. पण सरळ साखळीच्या त्या कीटोनपासून शरीरात २,५-हेक्झेनडायोन बनते आणि ते परिघीय मज्जातंतूंना इजा करते. एन-हेक्झेनपासूनही शरीरात तेच द्रव्य बनते.

एमईके एकटे असताना हा आजार करत नाही. पण एन-हेक्झेन किंवा मिथाइल एन-ब्युटाइल कीटोन सोबत असेल तर ते त्यांचा मज्जातंतूंवरचा परिणाम वाढवते, हे प्राण्यांवरील प्रयोगांत आणि माणसांतही दिसले आहे. १९७० च्या दशकात पश्चिम बर्लिनमध्ये नशेसाठी हुंगला जाणारा हेक्झेनयुक्त थिनर बदलून त्यात एमईके घातले गेले, आणि त्यानंतर तरुणांमध्ये पक्षाघातासारखी लक्षणे दिसू लागली. अ‍ॅसिटोनलाही इथे पूर्ण मोकळे सोडता येत नाही. कॅलिफोर्नियात १९९९–२००० मध्ये मोटार दुरुस्ती करणाऱ्यांमध्ये ब्रेक क्लीनरमधील हेक्झेनमुळे हाच आजार आढळला, आणि त्या क्लीनरमधील अ‍ॅसिटोनने परिणाम वाढवला असावा अशी शंका तेव्हा नोंदली गेली.

म्हणून एमईके घेण्याआधी आपले रबरी चिकटद्रव्य, डीग्रीझर, स्प्रे क्लीनर यांची सुरक्षापत्रके उघडून एन-हेक्झेन शोधा. सापडले तर आधी ते बदला. बदलता येत नसेल तर त्याच्याबरोबर एमईके नको. अ‍ॅसिटोनची दुसरी अशी जोडी क्लोरीनयुक्त द्रावकांशी आहे: ते यकृतातल्या एका विकराची पातळी वाढवते आणि कार्बन टेट्राक्लोराइडसारख्या द्रव्याची यकृताला होणारी इजा त्यामुळे वाढते.

हात आणि डोळे

निळे पातळ नायट्राइल हातमोजे कीटोनपुढे नावापुरते. अ‍ॅसिटोन त्यांतून एखाद्या मिनिटात पलीकडे जाते आणि मोजा फुगून आत द्रव धरून ठेवतो. उघड्या हातापेक्षा वाईट. उडालेल्या एखाद्या थेंबासाठी ते चालतील, थेंब पडताच काढून टाकायचे. हात बुडणार असेल तर ब्युटाइल रबर किंवा थरांचे लॅमिनेट मोजे. दोन्ही द्रावकांना हे एकच उत्तर आहे. डोळ्यांसाठी कडेने बंद असलेला चष्मा, आणि डोळ्यात गेले तर निदान पंधरा मिनिटे पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे.

नावांचा घोळ आणि नको त्या भेटी

एमईके आणि एमईकेपी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. एमईकेपी म्हणजे मिथाइल इथाइल कीटोन पेरॉक्साइड, फायबरग्लासच्या पॉलिएस्टर रेझिनचा हार्डनर. तो द्रावक नाही. तापला किंवा अशुद्ध झाला तर जोरात विघटित होतो आणि डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. फायबरग्लासच्या कामात हार्डनर आणि हत्यारे धुण्याचे द्रावक एकाच टेबलावर असतात आणि ‘एमईके दे’ म्हटल्यावर चुकीची बाटली हातात येऊ शकते. अशा जागी मी अ‍ॅसिटोनच ठेवीन, निव्वळ नावाच्या घोळापायी. आणि हार्डनर सांडला तर तो अ‍ॅसिटोनने पुसायला जाऊ नका. पेरॉक्साइड आणि अ‍ॅसिटोनची भेट नको.

हायड्रोजन पेरॉक्साइड, नायट्रिक आम्ल, क्रोमिक आम्ल यांच्या टाकाऊ बाटलीत कीटोन कधीच ओतू नका. अ‍ॅसिटोन आणि क्लोरोफॉर्म एका बाटलीत साठवणेही टाळा: थोडासा अल्कली मिसळला तरी त्यांची जोरदार उष्णता सोडणारी क्रिया होते आणि झाकण लावलेली बाटली फुटू शकते. प्रयोगशाळेत हे दोन्ही टाकाऊ द्रव रोजचेच, म्हणून हा अपघात फार सोपा आहे.

मग घ्यायचे कोणते?

काचसामान वाळवायला, फायबरग्लासची हत्यारे धुवायला, एबीएसचे तुकडे जोडायला, गाळून पुन्हा वापरायला: अ‍ॅसिटोन. हवेच्या प्रदूषणाच्या बाजूनेही त्याला थोडे झुकते माप आहे. वातावरणात ते मंदपणे क्रिया करते, ओझोन बनवण्यात त्याचा वाटा कमी. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९९५ मध्ये ते नियंत्रित बाष्पनशील द्रव्यांच्या यादीतून वगळले. एमईकेला ती सूट नाही, जरी २००५ मध्ये त्याच संस्थेने त्याला घातक हवा-प्रदूषकांच्या यादीतून काढले असले तरी.

व्हिनाइल आणि पॉलियुरेथेनचे लेप, मोठे पृष्ठभाग चिकटवण्याआधी पुसणे, दमट हवेत लॅकर, लेप पिकल्याची चाचणी: एमईके, पण चांगला एक्झॉस्ट असेल आणि आसपास एन-हेक्झेन नसेल तरच. या दोन अटींपैकी एक जरी पुरी होत नसेल तर मी अ‍ॅसिटोन घेईन, काम थोडे चिकाटीने करीन आणि दोन चिंध्यांची पद्धत पाळीन. तळघरात किंवा खिडकी नसलेल्या खोलीत मात्र दोन्हींपैकी काहीच नको. तिथे काम बाहेर काढा किंवा पाण्यावर आधारित क्लीनर शोधा.

घेतल्यावर डब्यावर पूर्ण नाव लिहा. ‘थिनर’ एवढेच लिहू नका. दिवसभराला लागेल तेवढेच लहान, स्प्रिंगच्या झाकणाच्या धातूच्या डब्यात काढा आणि उरलेला साठा ज्वलनशील द्रवांच्या कपाटात ठेवा, उन्हात किंवा बंद वाहनात नाही: अ‍ॅसिटोन ५६ अंशांना उकळते आणि तापलेल्या वाहनात झाकण फुगवायला तेवढी उष्णता लागतच नाही. पुसलेल्या चिंध्या झाकणाच्या धातूच्या डब्यात टाका. हार्डनर मिसळलेले रेझिन लागलेल्या चिंध्या त्यांच्यात टाकू नका. ते रेझिन पिकताना तापते आणि शेजारी कीटोनची वाफ असते. अशा चिंध्या आधी उघड्यावर, जमिनीवर पसरून कडक होऊ द्या.